चार की पाच

माझ्या अंगी फार धीर आहे असं गावात समजलं जातं. कुणाची सून तडकली, कुणाचा पोरगा शाळा सोडतो म्हणाला, की त्यांना माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना मेथी निवडायला बसवते आणि उपदेश काही करत नाही, कारण मुळात मी धीराची बाई नाही. लोणारला जायची एसटी वेळेवर आली नाही तर मी पायी निघते आणि पुढच्या फाट्यावर तीच एसटी मला गाठते. भाजीला उकळी येईपर्यंत मी चार वेळा झाकण काढते. धीराची ही ख्याती झाली ती विहिरीमुळे. ती विहीर खोल करताना नक्की काय झालं, हे आता गावात जो तो आपापल्या सोयीने सांगतो. म्हणून एकदा लिहून ठेवते.

तेव्हा माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सासऱ्यांसमोर अजून डोक्यावर पदर असे आणि त्यांच्याशी थेट बोलणं नसे. काही सांगायचं तर नवऱ्याकडे बघून सांगायचं आणि ते सासऱ्यांनी ऐकायचं, अशी पद्धत. आमचं शेत गावापासून हाकेच्या अंतरावर. वरती हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. त्या साली उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. विहिरीच्या अंगाला माझे वांग्या-मिरच्यांचे वाफे होते. माझे म्हणजे खरोखर माझे, बांधापर्यंतचा तो तुकडा मी मागून घेतला होता आणि पाणी मीच देत होते. दुपारी पानं माना टाकायची, संध्याकाळी पाणी मिळालं की उभी राहायची. पुढे पाणी पुरेना, तेव्हा विहीर खोल करायची ठरली.

पाषाण पहारीने फुटत नाही, त्याला सुरुंग लागतो. देऊळगाव राजाकडचा एक सुरुंगवाला बोलावला. काटक, बोलका माणूस, उजव्या भुवईत केस नव्हते. खडकात हातभर खोल भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची आणि प्रत्येक भोकाला बत्तीची वात लावायची. वाती कमीजास्त लांबीच्या, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडतात. बत्ती दिली की वरच्यांनी सुरुंगवाल्याला नाड्याने, म्हणजे जाड दोराने, ओढून घ्यायचं, विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या लोटायच्या आणि सगळ्यांनी बांधाआड जाऊन बसायचं. मग मोजायचं. जितकी भोकं तितके बार ऐकू आले पाहिजेत. एक कमी ऐकू आला तर त्या दिवशी कुणी आत उतरायचं नाही. रात्रभर झऱ्याचं पाणी चढतं, भोकात शिरतं, राहिलेली दारू भिजून मरते. सकाळी पाणी उपसायचं आणि मग उतरायचं. हा नियम सुरुंगवाल्यानेच पहिल्या दिवशी सांगितला होता.

मोजायचा मान आमच्याकडे वडीलधाऱ्याचा. सासरे बांधाआड उभे राहत आणि एकेका बाराला मोठ्याने आकडा म्हणत. त्यांच्या मागोमाग सगळे तो आकडा म्हणत. आरतीसारखं चाले. उडून झाले की घरचा पुरुष, म्हणजे माझा नवरा, सगळ्यांत आधी खाली उतरे. झरा फुटला का ते बघायचा पहिला हक्क घरच्याचा, मजूर त्याच्यामागून.

त्या दिवशी भोकं पाच होती. मी न्याहारी घेऊन आले होते आणि बांधाआड सगळ्यांच्या मागे बसले होते. शेजाऱ्याचं इंजिन दोन दिवसांसाठी मागून आणलं होतं, त्यातला हा शेवटचा दिवस. दुपारीच दगड काढून, साचलेलं पाणी इंजिनाने उपसून माझ्या वाफ्यांत सोडायचं, असा बेत होता. दुसऱ्या दिवशी इंजिन परत जाणार होतं.

पहिला बार झाला. “येक!” सासरे म्हणाले. सगळे म्हणाले, येक. दुसरा. तिसरा. मग थोडा वेळ काहीच नाही. मग एक मोठा बार झाला, फांद्यांवरून दगडाची कपची उडून आमच्यासमोर पडली, आणि सासरे म्हणाले, “चार!” सगळे म्हणाले, चार. पुन्हा शांतता. आणि त्या शांततेत सासरे म्हणाले, “पाच!”

“पाच!” सगळे म्हणाले आणि उठले.

मी उठले नाही. मला पाचवा ऐकू आला नव्हता.

सासऱ्यांना कमी ऐकू येत होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. जोराने बोलायचं, एवढंच. पण मोजायचा मान त्यांचा, आणि त्यांनी पाच म्हटल्यावर बाकीच्यांच्या कानांनीही पाच ऐकले. मी बघितलं, कुणाच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. नवरा धोतर खोचत विहिरीकडे निघाला होता.

मी धावत त्याच्या पुढे गेले. नाडा यारीच्या खांबाशी वेटोळं करून पडला होता. यारी म्हणजे विहिरीवर दगड ओढायला बसवतात तो लाकडी सांगाडा. त्याच्या चाकावरून नाडा टाकल्याशिवाय आत उतरता येत नाही. मी ते वेटोळं ओढून बाभळीखाली नेलं आणि त्यावर बसले.

“काय झालं वं?” नवरा म्हणाला.

“चारच उडाले.”

“काय चारच? बाबांनी पाच मोजले.”

“मले चारच आयकू आले.”

सुरुंगवाला हसला. “बाई, दोन संगं उडाले असतील. तो चौथा किती मोठा झाला, बघितलं न्हाई का? माझं अर्धं आयुष्य यातच गेलं.”

“मग तुम्ही उतरा,” मी म्हणाले.

तो हसायचा थांबला. “मी कामून उतरू? पहिला मान मालकाचा.”

मजूर दुसरीकडे बघू लागले. नवरा माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ऊठ. लोकं पाहून राह्यले.”

“पाहू द्या.”

“बाबांचा आकडा खोटा पाडून राह्यली तू? चार माणसांत?”

मी तेच तर करत होते. सासरे बांधाजवळ काठी टेकून उभे होते. आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत किती पोचत होतं कोण जाणे. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बसून राहिले. न्याहारीच्या टोपलीबरोबर मी सुक्या मिरच्यांचं गाठोडं आणलं होतं, तिखटासाठी देठं काढायला. ते ओढून घेतलं आणि देठं काढू लागले. हात रिकामे असते तर मी नक्की उठले असते.

नवरा शांत डोक्याचा नाही. त्याने मला तीन-चार प्रकारे सांगून बघितलं. इंजिन उद्या जाईल. वाफे तुझेच आहेत. पाणी चढलं तर हाताने उपसावं लागेल, मग तू उपसशील का? मी प्रत्येक वेळी म्हणाले, सकाळी उतरा. शेवटी तो एका मजुराला म्हणाला, “जाय बे, शेजारच्या मळ्यातून त्यांचा नाडा घेऊन ये.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जगात दुसरा नाडा आहे, हे मी धरलंच नव्हतं. मजूर गेला. शेजारचा मळा ओढ्यापलीकडे, जाऊन यायला फार वेळ लागत नाही. मी देठं काढत राहिले. मिरचीने बोटं भाजत होती, घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्या हातांनी तो पुसता येत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सुरुंगवाला मजुरांना म्हणाला, “रडती बघा.” मी रडत नव्हते. मी ओढ्याकडे बघत होते आणि मोजत होते, चार बार, चारच बार, आणि दर वेळी मोजताना त्या चौथ्या बाराचा आवाज मनात थोडा लांबत होता. दोन असतील का एकात एक? जितकं आठवावं तितकं ते कमी खात्रीचं वाटत होतं. धीर धरणं म्हणजे खात्री असणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी नाड्यावर बसून बघावं. माझी खात्री तासाभरातच गेली होती. बसणं तेवढं राहिलं होतं.

ओढ्याच्या अलीकडे मजूर दिसला. खांद्यावर नाडा होता.

तेव्हा सासरे बांधावरून निघाले. काठी टेकत टेकत यारीजवळ आले आणि मुलाला म्हणाले, “थो नाडा परत पाठव.”

“बाबा, तुम्हीच पाच म्हणले ना?”

“म्हणलो.”

“मग?”

सासऱ्यांनी काठी जमिनीत रोवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, आणि त्यांचा आवाज तसाही मोठाच असे, “मले आयकू येत नाई लेका. पायाले हादरा बसला का मी आकडा म्हणतो. चौथ्याले पाय लय हादरले. मले वाटलं, दोन झाले. खरं काय ते त्या दगडाले माहीत.”

मजूर नाडा घेऊन मध्येच उभा राहिला होता, त्याला नवऱ्याने हातानेच परत जायला सांगितलं. सासरे माझ्याकडे वळले. लग्नानंतर ते प्रथमच माझ्याशी थेट बोलले. म्हणाले, “बाई, आता ऊठ. कोनी उतरत नाई.”

मी तरी नाडा घरी घेऊन गेले. ओझं चांगलंच होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन शेजाऱ्याकडे गेलं. रात्रीतून पुरुषभर पाणी चढलं होतं. यारीला बादली लावून ते हाताने उपसावं लागलं. मीही ओढलं, कारण तसं कबूल केल्यासारखंच झालं होतं. दुपार टळली तेव्हा तळ दिसला. सुरुंगवाला आणि नवरा उतरले. मी विहिरीच्या काठाशी वाकून उभी होते. खालून सुरुंगवाल्याचा आवाज आला, घुमून आला.

“बाई, पाच! पाचही भोकं फुटली. या, मोजून घ्या!”

मजूर हसले. मीही तोंड वाकडं करून हसले, दुसरं काय करणार. वाफ्यांत वांग्याचं फूल गळून पडलं होतं, मिरचीची अर्धी रोपं वाळली होती. चार बादल्या घातल्या, पण उन्हात एकदा मान मोडलेलं रोप सहसा उठत नाही.

त्यानंतर घरात माझी फार करमणूक झाली. भाकरी वाढताना नवरा विचारायचा, “चार झाल्या का पाच? सकाळपर्यंत थांबू का?” पाहुण्यांसमोर विचारायचा. माझ्या भावाच्या समोरही विचारलं. मी भाकरी थाळीत टाकायची. मनातून म्हणायची, जिवंत आहेस म्हणून विचारतोस. पण हेही खरं होतं की मी त्याला नाडा दिला असता तरी तो जिवंतच असता.

सासऱ्यांनी आपण होऊन मोजायचा मान सोडला. मग मोजायचं कुणी, हा प्रश्न आला. एकाने आकडा म्हटला की बाकीचे तोच म्हणतात, हे आता मला कळलं होतं. मी घरातून चिंचोके नेले. मी सांगितलं, नवऱ्याकडे बघून सांगितलं, की बांधाआड बसणाऱ्या प्रत्येकाने डाव्या मुठीत चिंचोके घ्यायचे. बार झाला की एक उजव्या मुठीत टाकायचा. कुणी तोंड उघडायचं नाही. सगळं थांबलं की सगळ्यांनी एकदम उजवी मूठ उघडायची. एकाच्याही मुठीत कमी निघाला, तर सकाळ. का, कसं, खरं का, असं त्याला कुणी विचारायचं नाही.

“लहान पोरींचा खेळ लावला की वो बाई,” सुरुंगवाला म्हणाला. पण त्याने चिंचोके घेतले. सासऱ्यांनीही घेतले. पायांनी मोजतो म्हणाले, पण मोजतो.

आधीचा दगड काढून होईपर्यंत उन्हाळा आणखी वर चढला. पुन्हा भोकं पाडली, पुन्हा पाच. शेजाऱ्याचं इंजिन पुन्हा एका दिवसापुरतं मिळालं. वाफ्यांत जी काही थोडी रोपं तगली होती ती माझ्या घागरींवर तगली होती, आणि आता घागरीलाही पाणी लांबून आणावं लागत होतं. आज पाणी सोडलं तर वांगं धरेल, उद्या नाही, असा हिशेब मी सकाळीच करून आले होते.

बार झाले. या वेळी वारा होता, बाभळीच्या शेंगा खुळखुळत होत्या. मी चिंचोके टाकत गेले. एक, दोन, तीन, चार, आणि लागोपाठ पाच. शेवटचे दोन जवळजवळ होते, पण दोन होते. मला पूर्ण खात्री होती. थांबलो. मुठी उघडल्या. माझ्या मुठीत पाच. सुरुंगवाल्याच्या पाच. सासऱ्यांच्या पाच. मजुरांच्या पाच.

नवऱ्याच्या हातात चार.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो आपल्या तळहाताकडे बघत होता. मग म्हणाला, “मले चारच आयकू आले.”

माझेच शब्द. अगदी तसेच, त्याच सुरात. सुरुंगवाल्याने मान फिरवली आणि खांदे हलवत हसला. माझ्या डोक्यात संताप असा चढला की हातातले चिंचोके नवऱ्याच्या अंगावर फेकावेसे वाटले. भाकरीवरून महिनाभर चालवलेली थट्टा याने आता विहिरीवर आणली, माझ्या वाफ्यांच्या जिवावर आणली. एक शब्द विचारला असता तर निकाल लागला असता. खरं सांगा, थट्टा करता का? एवढंच. पण विचारायचं नाही, हा नियम मी लावला होता. आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. सासरेसुद्धा. ती लावते का नियम स्वतःला, हे बघत होते.

मी उठले, नाड्याचं वेटोळं केलं आणि सकाळसाठी बाभळीला अडकवलं. मग पाण्याची घागर घेऊन ओढ्याकडे गेले, कारण तिथे कुणी माझं तोंड बघायला नव्हतं. ओढ्यात वाळू खोदून झिरा केला होता, त्याच्यात वाटी वाटी पाणी जमतं. घागर भरायला जन्म जातो. मी वाटीने पाणी भरत बसले आणि त्याला मनातल्या मनात जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. स्वतःच्या भीतीसाठी थांबणं सोपं असतं, ते भीतीच करून घेते. दुसऱ्याला वाटलं म्हणून थांबायचं, आणि त्याला ते खरंच वाटलं का हेही माहीत नसताना थांबायचं, हे मात्र मला त्या दिवशी फार जड गेलं. परत येईपर्यंत इंजिन शेजाऱ्याच्या बैलगाडीत चढलं होतं.

संध्याकाळी जेवायला बसले सगळे. मी भाकऱ्या थापत होते आणि वाट बघत होते. आता नवरा विचारेल, चार का पाच. विचारलं की उत्तर तयार होतं, आणि ते साधं नव्हतं. मी दुसरी भाकरी वाढली, तिसरी वाढली. त्याने विचारलं नाही. पिठलं मागितलं, कांदा मागितला. चौथी भाकरी वाढताना मी मुद्दाम हात थाळीवर थांबवला. त्याने वर बघितलं, आणि नुसताच “बस” म्हणाला.

तेव्हा मला कळलं. तो थट्टा करत नव्हता.

सकाळी पाणी उपसलं, पुन्हा हाताने. या वेळी कुणी कुरकुरलं नाही, सुरुंगवालाही नाही. तळ दिसायला लागला तसा तो म्हणाला, “मालक, थांबा. आधी मी जातो.” कमरेला नाडा बांधून तो एकटाच उतरला. आम्ही काठावर. खालून त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बोलका माणूस तो, उतरताना खोकला तरी त्याचं काहीतरी वाक्य व्हायचं. बराच वेळ नुसतं पाण्यात पाय हलल्याचं ऐकू येत होतं.

“काय बे?” नवऱ्याने वरून विचारलं.

“काठावरून मागं व्हा सगळे,” तो म्हणाला. “आन् कुणी दगूड खाली पडू देऊ नका.”

आम्ही मागे झालो. मग बादली हलली. “ओढा,” तो म्हणाला. “हळू ओढा.” बादलीत काळा चिखल होता, दारू भिजून झालेला, आणि त्याच्यावर बत्तीचा तुकडा, अर्धा जळून विझलेला. चार भोकं फुटली होती. पाचवं कोपऱ्यातलं, झऱ्याच्या तोंडाशी, जसंच्या तसं होतं. नवरा सोडून आम्ही सगळ्यांनी जो पाचवा बार ऐकला तो काय होता, हे मला आजही सांगता येणार नाही. खडकाचा कडा पडला असेल, ओढ्यापलीकडून चौथ्याचाच आवाज परत आला असेल.

सुरुंगवाला वर आला तेव्हा त्याने कुणाकडे न बघता आधी तोंड धुतलं. सासरे बादलीजवळ बसून त्या तुकड्याकडे बघत होते. म्हणाले, “पायालेही कळलं नाई पाह्य.”

मी नवऱ्याला म्हणाले, “काल सांगितलं का नाही? थट्टा नाही म्हणून?”

“कोनी इचारायचं नाई, तूच म्हणली ना?” तो म्हणाला. “मले तर वाटलं, तू नाडा देऊन राह्यली आता. तोंड तसंच होतं तुझं.”

“देणारच होते.”

“मले माहीत आहे,” तो म्हणाला आणि धोतर खोचून नाड्याचं टोक मागायला हात पुढे केला. झरा फुटला का ते बघायचं होतं. मी बाकीच्यांच्या आधी पुढे झाले, नाडा चाकावर नीट बसवला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि मग त्याच्या हातात दिली.

त्या वर्षी वांगी आम्ही बाजारातून आणून खाल्ली.